यूचं झाड मुंबईत कुंडीत जगेल का? खालची पानं पिवळी पडताहेत

मुलुंडकरीण

नमस्कार. या विभागात मी बरीच वर्षं नुसती वाचायला येते, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरी पूर्वेची, सकाळी साडेनऊपर्यंत ऊन असतं. ग्रिलमध्ये तुळस, कढीपत्ता, गवती चहा, सदाफुली आणि एक जुना मोगरा आहे. म्हणजे कुंड्या मला नवीन नाहीत, पण सध्या घरात जे झाड आहे त्याचं काय करावं ते खरंच कळत नाहीये.

झाड यूचं आहे, म्हणजे थंड हवेतलं एक सूचिपर्णी झाड. ते का आणलं ते आधी सांगते, म्हणजे "सोडा हो, दुसरं काहीतरी लावा" असं उत्तर येणार नाही.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमोची पहिली चार सत्रं झाली, आणि मग दर आठवड्याला एक याप्रमाणे बारा आठवडे पॅक्लिटॅक्सेल. बाराही वेळा सोबतीला मीच होते. औषध सुरू करण्याआधी अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून जे देतात त्याने ताई गाढ झोपून जायची आणि मी सलाइनचे थेंब बघत बसायचे. सहाव्या वेळी तिथल्या सिस्टर सहज म्हणाल्या, "हे औषध मूळचं एका झाडाच्या सालीतलं." घरी येऊन रात्री मोबाइलवर वाचत बसले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा पॅसिफिक यू. त्याची साल १९६२ साली गोळा केली गेली, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी तिच्यातून हा रेणू वेगळा काढला आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. वाणी म्हणजे १९२५ साली नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले. आमचं माहेर शहाद्याचं! दुसऱ्या दिवशी ताईला सांगितलं तर ती पलंगावर उठून बसली. "आपल्या नंदुरबारचा माणूस?" त्या आठवड्यात ती त्याआधीपेक्षा बरी जेवली, हे मला पक्कं आठवतंय.

म्हणून ट्रीटमेंट संपल्यावर, जूनमध्ये, मी "जॅपनीज यू, घरात ठेवण्याजोगं" अशा नावाचं रोप ऑनलाइन मागवलं. साडेआठशे रुपये. हातभर उंच, काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत, कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा). ताई आता माझ्याकडेच असते, तिच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलं. पावसाळाभर बरं होतं. गणपतीनंतर खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. शेंड्याची हिरवी आहेत.

प्रश्न असे:

पाणी जास्त होतंय की ऊन कमी पडतंय? यूला थंडी लागते असं वाचलं, तर रात्री एसीच्या खोलीत ठेवलं तर चालेल का? ते विषारी आहे म्हणतात, किती विषारी? भाचीची तीन वर्षांची मुलगी दर रविवारी येते आणि शेजारचं मांजर गॅलरीतून आत शिरतं. आणि शेवटचं, जे लिहायला मला बरं वाटत नाहीये: एका नातेवाइकांनी सुचवलंय की पानं घरात आहेतच तर काढा करून ताईला द्यावा. मी दिलेला नाही. पण ते परत परत विचारतात, म्हणून इथे विचारते.

दादर_गच्ची

ताई, आधी तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

झाडाचं औषधपाणी बघण्याआधी ते झाड कोणतं ते ठरवू या, कारण मला शंका आहे. "जॅपनीज यू" या नावाने आपल्याकडे दोन अगदी वेगळी झाडं फिरतात. एक खरा जपानी यू, टॅक्सस. दुसरं पोडोकार्पस, जे बागवाले बुद्धिस्ट पाइन म्हणूनही विकतात. मुंबईच्या दमट हवेत जूनपासून गणपतीपर्यंत ठणठणीत राहिलं म्हटल्यावर मला ते दुसरं वाटतंय.

मोजपट्टी घ्या. यूचं पान सपाट सुईसारखं, दोन-तीन सेंटिमीटरचं, मऊ, आणि फांदीच्या दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दातांसारखं बसलेलं असतं. पान उलटं केलं तर खाली दोन फिकट पिवळट-हिरवे पट्टे दिसतात. पोडोकार्पसचं पान बोटाएवढं लांब, सात-आठ सेंटिमीटर किंवा जास्त, चामड्यासारखं जाड, फांदीभोवती गोल फिरत आलेलं, आणि मधली शीर वर आलेली. नख फिरवलं तर ती शीर नखाला लागते.

मोजून इथे लिहा. तोवर पाणी थांबवा. आणि काढा अजिबात नाही. कोणतंही झाड निघालं तरी नाही.

मुलुंडकरीण

मोजलं. मोठी पानं आठ सेंटिमीटर, कोवळी पाच-सहा. फांदीभोवती चहूबाजूंनी आहेत. मागे पट्टे दिसत नाहीत. मधली शीर आहे, स्पष्ट आहे.

म्हणजे हे ते झाड नाही.

खोटं सांगत नाही, वाचून डोळ्यांत पाणी आलं. ताईला अजून सांगितलेलं नाही. ती रोज सकाळी त्याला हात लावते. तिच्या बोटांची टोकं त्या औषधाने बधिर झालीत, ब्लाउजचे हूक मीच लावते, तरी ती रोज हात लावते. आता मला खरा यू कुठून मिळेल ते सांगा. हिमालयात असतो असं वाचलंय. जास्त पैसे पडले तरी चालतील.

वाफसा

ताई, तुमच्यासारख्याच हट्टाने मी खरा यू मुंबईत लावून बसलो होतो, म्हणून लिहितो. तो हट्ट मला कळतो.

२०१६ मध्ये उत्तराखंडच्या एका रोपवाटिकेतून थुनेरची दोन रोपं आणली, छाटकलमाची, रीतसर पावती घेऊन. तिकडे गढवाल-कुमाऊँत यूला थुनेर म्हणतात, हिमाचलात रखाल. मी बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आमच्याकडे कुलाब्यापेक्षा चांगलाच गारवा असतो, त्यामुळे वाटलं, जमेल. मातीत निम्मे विटांचे बारीक तुकडे आणि जाड वाळू घातली, कारण यूला मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. पावसात छपराखाली ठेवली. पहिलं वर्ष दोन्ही हिरवी होती. मी खूश होतो.

पण ती हिरवी होती म्हणजे वाढत होती असं नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. यू मुळात इतका सावकाश वाढतो की तो थांबलाय की मेलाय ते महिनोन्‌महिने ओळखू येत नाही. फांदीच्या टोकाला कळे धरलेले होते. ते मार्चमध्ये फुटायला हवे होते, फुटलेच नाहीत. या झाडाला हिवाळा म्हणजे काही आठवडे गोठण्याच्या जवळपासची थंडी लागते, तेव्हा ते झोपतं, आणि त्या झोपेतून उठल्यावर नवी पालवी येते. आमच्या बोरिवलीची गार पहाट त्याच्या हिशेबात हिवाळाच नव्हे. त्यात मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा सत्तावीसच्या खाली जात नाही. दिवसा पानांनी कमावलेलं सगळं झाड रात्रीच्या उकाड्यात खर्च करून टाकतं. एक रोप दुसऱ्या पावसाळ्यात गेलं, मुळं काळी पडून हाताला बुळबुळीत लागली. दुसरं ऑक्टोबरच्या उन्हात टोकांकडून तपकिरी होत गेलं. मी मातीवर बर्फाचे खडेही ठेवून पाहिले. तो त्या झाडाचा छळच झाला, अजून वाईट वाटतं.

एसीचं विचारलंत. चोवीस अंशांची कोरडी हवा म्हणजे हिवाळा नव्हे. आणि दिवसा उकाडा, रात्री गार, असं रोज केलंत तर उलट जास्त ताण येईल. यूला सावली चालते म्हणून लोक तो घरात ठेवायचं झाड समजतात. सावली चालते ती डोंगरातली. थंड देशांतसुद्धा कुंडीतला यू बाहेर अंगणात किंवा गच्चीवर असतो, बोन्साय केलेलासुद्धा, आणि बर्फात तिथेच राहतो. बिया मागवायचा विचार असेल तर तोही सोडा. ऊब, मग थंडी, पुन्हा ऊब, असं सगळं होऊन त्या रुजायला दीड-दोन वर्षं लागतात.

आणखी एक. हिमालयातला यू सालीसाठी आणि पानांसाठी इतका ओरबाडला गेला की १९९५ पासून तो साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. जंगलातून उपटून "पाठवतो" म्हणणारा कोणी भेटला तर कृपया घेऊ नका. ते रोप तुमच्याकडे मरणारच आहे, आणि तिकडे एक कमी होणार.

बघायला मात्र जरूर जा. मी त्यानंतर २०१९ मध्ये कुलूच्या तीर्थन खोऱ्यात गेलो, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या बाजूला. राई आणि तोस या तिकडच्या सूचिपर्णींच्या उंच झाडांखाली, ओलसर अर्धउजेडात रखाल उभा होता. साल तांबूस, पातळ, पापुद्रे निघणारी. खोडाला हात लावून बराच वेळ उभा राहिलो. माझ्या दोन कुंड्यांत जे कधी दिसलं नव्हतं ते तिथे दिसलं: फांदीच्या टोकांना पोपटी, मऊ, नवी पालवी.

पेठेतली_फार्मसी

काढ्याबद्दल नीट लिहिते, कारण औषधांच्या दुकानात बावीस वर्षं उभी आहे आणि असे प्रश्न येतात.

यूच्या पानांत, फांद्यांत, बियांत टॅक्सीन नावाची अल्कलॉइडं असतात. ती थेट हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालतात. उतारा म्हणावा असं औषध नाही. पानं वाळवली, उकळली तरी विष जात नाही. झाडात एकच भाग बिनविषारी, बीभोवतीचा लाल गर, आणि त्याच्या आतलं बी पुन्हा विषारीच. पॅक्लिटॅक्सेल हा त्याच झाडातला वेगळा रेणू आहे, सालीत अगदी थोडा, आणि तो तोंडावाटे घेतला तर अंगात नीट शोषलाच जात नाही. म्हणून तर तो शिरेतून देतात. पाण्यात विरघळत नाही म्हणून एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रवात कालवून देतात, आणि अ‍ॅलर्जीची मुख्य भीती त्या द्रवाचीच असते. तुमच्या बहिणीला आधी जी झोपेची गुंगी यायची, ती त्यासाठीच्या इंजेक्शनामुळे. म्हणजे काढ्यातून औषध मिळणार नाही, विष तेवढं मिळेल. नातेवाइकांना हे असंच्या असं वाचून दाखवा.

बाजारात तालीसपत्र म्हणून जे मिळतं त्यातही कधी कधी यूची पानं असतात, खरं तालीसपत्र वेगळ्या झाडाचं. तेही ट्रीटमेंटमधल्या माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

तुमचं पोडोकार्पस यूइतकं घातक नाही, पण मांजराने किंवा मुलाने पानं-फळं चावली तर उलट्या-जुलाब होऊ शकतात. तीन वर्षांच्या मुलीच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर ठेवा. कोणी चावलंच तर वाट बघत बसू नका, झाडाची फांदी सोबत घेऊन दवाखाना गाठा.

दादर_गच्ची

आता तुमच्या झाडाकडे वळू. ते खरा यू नसलं तरी कुळाने फार परकं नाही, सूचिपर्णीच आहे, आणि मुंबईत जगतं. माझ्याकडे दोन आहेत, एक अकरा वर्षांचं.

खालची पानं पिवळी, शेंडा हिरवा, कोकोपीट, पावसाळा, खोलीच्या आत. म्हणजे बहुतेक मुळं गुदमरली आहेत. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत ओलंगच्च असतं. रोप कुंडीतून अलगद काढा. मुळांवर मण्यांसारख्या बारीक गाठी दिसतील. त्या बघून घाबरू नका आणि खुडू नका, पोडोकार्पसच्या मुळांवर त्या असतातच, रोग नव्हे. काळं, बुळबुळीत, वास येणारं मूळ तेवढं कात्रीने काढा. मग मातीची आठ इंची कुंडी, भोकावर खापरीचा तुकडा, दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा विटांचे तुकडे. कोकोपीट मूठभर असू द्या, जास्त नको. लगेच खत घालू नका, दिवाळीनंतर बघू.

खोलीतून गॅलरीत आणा. सकाळचं कोवळं ऊन त्याला फार मानवतं. ऑक्टोबरात दुपारी कडक ऊन येत असेल तर थोडं आत सरकवा. शेजाऱ्यांच्या एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा अंगावर येत नाही ना, तेही बघा. माझं एक झाड त्यानेच एका बाजूने करपलं होतं.

पाणी बोट खुपसून बघून घाला. वरचा इंचभर थर कोरडा झाला, मातीला वाफसा आला, की भरपूर, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. नळाचं पाणी तलावाचं, मऊ असतं, त्याने काही होत नाही. सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर मात्र तेच पाणी सतत देऊ नका, क्षारांमुळे नवी पानंसुद्धा शिरांच्या मधे पिवळी पडतात.

पानांच्या मागे आणि खोडाला तपकिरी खवले किंवा पांढरा कापूस दिसला तर ती कीड. ओल्या फडक्याने पुसा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर नीमतेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण घालून संध्याकाळी फवारा.

गळलेली पानं परत येणार नाहीत. शेंड्याला नवं आलं की समजा, सावरलं.

सह्याद्री_भटक्या

एक सांगावंसं वाटलं. ताई, तुमच्या ग्रिलमध्ये सदाफुली आहे ना? व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगावरची दोन औषधं तिच्यातलीच. (पानं मात्र तिचीही खायची नाहीत, तीही विषारीच.) ती तुमच्याकडे आधीपासून आहे आणि मुंबईत तिला काहीच करावं लागत नाही.

दुसरी गोष्ट वाणींचीच. याच वॉल आणि वाणींनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन शोधलं, त्याच्यावरून पुढे टोपोटेकॅनसारखी कर्करोगावरची औषधं आली. तेच कॅम्पटोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात भरपूर आहे. महाबळेश्वर-कोयनेच्या जंगलात मी नरक्या पाहिलाय, चुरगळल्यावर घाण वास येतो, म्हणून ते नाव. त्याचीही चोरटी तोड झाली आहे, त्यामुळे तोही घरी आणायचा नाही. पण ताईंना प्रवास झेपायला लागला की कुलूच्या आधी महाबळेश्वर गाठता येईल, मुंबईहून एका दिवसात. नंदुरबारच्या माणसाने ज्या रेणूचा माग काढला, तो रेणू पोटात धरलेलं झाड आपल्याच डोंगरात उभं आहे.

मुलुंडकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी ताईशी बोलायचं होतं.

काल सकाळी सगळा धागा तिला वाचून दाखवला. काढ्याचं ज्यांनी सुचवलं होतं त्यांना फार्मसीच्या ताईंचं उत्तर पाठवलं. त्यांचा फोन आला, "बरं झालं विचारलंस," म्हणाले. वाफसा दादांच्या दोन रोपांचं ऐकताना ताई गप्प होती. मग म्हणाली, मुंबईत त्याला आणायचं नाही, आपण जाऊ त्याच्याकडे.

नंतर गॅलरीत वर्तमानपत्र पसरून दोघींनी कुंडी बदलली. कोकोपीट पिळलं तर पाणी निघालं, इतकं ओलं. मुळांच्या गाठी तुम्ही सांगितल्या तशाच होत्या. सांगितलं नसतं तर मी सगळ्या काढून टाकल्या असत्या. काळी मुळं थोडीच निघाली. लाल माती नाक्यावरच्या नर्सरीतून आणली, विटांचे तुकडे शेजारच्या बिल्डिंगचं काम चाललंय तिथून मागून घेतले. कुंडीवर मी खडूने "यू" लिहिलं होतं, ते ताईने पुसून "पोडोकार्पस" लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलंय, बऱ्याच महिन्यांनी खडू धरला तिने.

सगळं झाल्यावर तिने एक पान दोन बोटांत धरलं. नख नाही, बोटच फिरवलं, सावकाश, देठापासून टोकापर्यंत. म्हणाली, "मधली शीर लागतेय गं मला."

मी तिला परत करायला लावलं, डोळे मिटून. परत लागली.

दादर_गच्ची काका, एक विचारायचं राहिलं. सोसायटीत आठवड्यातून दोनदा टँकर येतो. त्या दिवसांसाठी नळाचं पाणी बादलीत भरून ठेवलं तर चालेल ना?